सदर कोठी ही होडी आहे

आमच्या अण्णांना स्वतःच्या वावरात जायला होडी लागते. वावर मन्याड नदीवरच्या धरणात गेलं त्याला किती वर्षं लोटली. मोबदला मिळाला, आम्ही कंधारला घर बांधलं, मी तिथल्याच शाळेत मुलांना विज्ञान शिकवून निवृत्तही झालो. सगळ्यांनी त्या वावराचा नाद सोडला, फक्त वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सोडला नाही. ते अजून "माझं वावर" म्हणतात, आणि "सध्या पाण्याखाली हाय" असं पुढे जोडतात, जणू पुढच्या आठवड्यात वाफसा येणार आहे.

शेजारच्या मारुतरावांशी त्यांचं बांधावरून वीस वर्षं भांडण चाललं होतं. निकाल लागायच्या आत धरणाने बांध, दोन्ही वावरं आणि भांडण एकदमच पोटात घेतलं. याचा राग अण्णांच्या मनातून अजून गेलेला नाही. मारुतराव केव्हाच वारले, तरी गेला नाही.

धरणग्रस्त म्हणून अण्णा मच्छीमार सोसायटीचे सभासद आहेत. सभासद झाल्यापासून त्यांनी एक मासळीही धरलेली नाही. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांनी एकाएकी ठरवलं की, आपल्या वावरावर जायचं आणि तिथं एकदा तरी जाळं टाकायचं.

"सोसायटीतल्या कुणाच्याही होडीतून नेतो की तुम्हाला," मी म्हणालो.

"लोकाच्या होडीत बसून माझ्या वावरात जाऊ? मी काय पाव्हना हाय का तिथं?" अण्णा म्हणाले. "ज्या वावरातून ज्वारी काढली, तिथून मासा बी मीच काढीन. माझ्या होडीतून. रीतसर कागद करून."

वय ऐंशीच्या पुढे, पोहता येत नाही, मासे आवडतात तेही फक्त ताटात. पण अण्णांनी कागद म्हटलं की विषय संपतो. होडी करायची माझ्यावर आली.

आता कंधारात होडी कोण करतं? कुणीच नाही. (चौकशी केली तर लोक माझ्या तोंडाकडे बघायचे आणि "काय सर, यंदा पाऊस जास्त सांगितलाय का?" असं विचारायचे. शिकवलेली मुलं होती ही!) शेवटी मी ख्वाजामामूंकडे गेलो. मामूंच्या घरी आजोबा-पणजोबांपासून पत्र्याचं काम. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, पन्हाळी. आमच्या भागात ज्याच्या घरात ज्वारी आहे त्याच्या घरात मामूंची कोठी आहे.

"होडी क्या चीज है सर," मामू म्हणाले. "पत्र्याची कोठी आडवी पाडायची, पोट चिरायचं, दोन्ही टोकं निमुळती करायची. झाली होडी."

मला हे शास्त्रशुद्ध वाटलं. आमच्याच अंगणात काम सुरू झालं. मामू ठोकत होते, मी मापं सांगत होतो, आणि माझी बायको सुनंदा दर तासाला चहा घेऊन येऊन काहीतरी शंका काढत होती. शेवटच्या दिवशी मामूंनी होडीच्या तळाला मागच्या बाजूला वीतभर चौकोनी तोंड कापलं आणि त्यावर आतून सरकतं झाकण बसवलं. कोठीतून ज्वारी काढायला खाली असतं ना, अगदी तसं.

"मामू, हे कशाला?"

"तोंड हाय, सर. कोठीला ठेवतो तसं. उद्या पावसाचं पानी साचलं, मासे धुतले, तर पानी काढनार कुठून? डब्यानं उपसत बसनार का तुम्ही?"

खरं सांगतो, मला कौतुक वाटलं. हा विचार एवढ्या वर्षांत कुठल्या होडीवाल्याला सुचला नसेल! मी त्यात माझीही भर घातली: झाकणाच्या खाली सायकलच्या ट्यूबचं रबर बसवायला लावलं. पाणी झिरपायला नको म्हणून.

"अहो, पण होडीला खाली भोक?" सुनंदा म्हणाली.

"भोक नाही ते. तोंड आहे. झाकण आहे त्याला."

"तरी पण खाली?"

"तू चहा ठेव," मी म्हणालो. हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे, पण सुनंदा ते परत द्यायला तयार नाही.

मग चाचणी घेतली. माझ्याबद्दल पुढे बरंच काही बोललं गेलं आहे, पण चाचणी घेतली नाही असं कुणी म्हणू शकत नाही. होडी विटांवर ठेवली आणि नळी लावून काठोकाठ पाण्याने भरली. मामू कोठी, टाकी, हंडा सगळं असंच तपासतात. आम्ही तिघं खाली वाकून अर्धा तास बघत होतो. एक थेंब बाहेर आला नाही. मग मी झाकण सरकवलं, तळातून पाणी भसाभसा निघालं आणि सगळं कढीपत्त्याच्या झाडाला मिळालं. गल्लीतली माणसं बघायला आली होती, त्यांनीही मान डोलावली.

"जे पाणी आतून बाहेर येत नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ते बाहेरून आत कसं येईल?"

यावर दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मलाही तेव्हा ते भूषण वाटलं.

फाटकाचा उरलेला निळा रंग होडीला लावला. नाव काय घालायचं विचारलं तर अण्णा म्हणाले, "गट नंबर घाला. एकशे बारा." त्यांच्या वावराचा गट नंबर. मी पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत काढला.

आता राहिला कागद. होडीच्या नोंदणीसाठी अण्णांना घेऊन जिल्ह्याला मत्स्य खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूने अर्ज चाळला, फोटो बघितला आणि म्हणाला, "सर, होडीला नंबर तर आधीच हाय. मग नोंदणी कामून करून राहिले?"

"तो वावराचा नंबर आहे."

"होडीवर वावराचा नंबर?"

"कारण होडी त्या वावरात जाणार आहे."

बाबूने माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. अण्णांनी सातबारा काढून टेबलावर ठेवला. तो रद्द झाला त्याला जमाना झाला, पण अण्णा तो पिशवीतून काढतातच. बाबूने सातबारा अदबीने बाजूला सरकवला आणि होडी बांधणाऱ्याचा दाखला मागितला. मी मामूंचा दाखला दिला. तो त्यांच्या छापील लेटरपॅडवर होता आणि त्यावर लिहिलं होतं: "कोठी, आडवी, एक नग, बनवून दिली."

"हे कोठीचं हाय," बाबू म्हणाला. "आमच्याकडं कोठीची नोंद होत न्हाई."

माझं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला माणूस मी. मी त्याला विचारलं, कोठी पाण्यावर तरंगते का? कोठीला वल्ही असतात का? तो शांतपणे म्हणाला, "तेच लिहून आना की." आम्ही एस.टी.ने परत आलो. मामूंनी मनापासून लिहून दिलं: "दाखला देण्यात येतो की, सदर कोठी ही होडी आहे. ख्वाजा पत्रेवाले." हा कागद घेऊन मी पुन्हा ऑफिसात गेलो. बाबूने तो दोनदा वाचला, उठून आत नेला, आतून हसण्याचा आवाज आला, पण शिक्का बसला. मी अपमान गिळला.

तपासणी मात्र पाण्यावरच होणार होती. साहेब गुरुवारी धरणावर सगळ्याच होड्या बघायला येणार, त्यात राहिली ती होडी थेट पुढच्या वर्षी.

"पुढच्या वर्षाचं मला सांगू नको, दिगू," अण्णा घरी आल्यावर म्हणाले. "वावर तिथंच राहील. मी राहीन का न्हाई, काय माहीत."

ते एवढंच बोलले आणि पिशवीची नाडी आवळत बसले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे मान्य करतो.

गुरुवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होडी घालून धरणावर नेली. सुनंदाने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि लिंबू हातात घेऊन उभी राहिली, कारण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि इथे चाकच नव्हतं. मी ते होडीच्या खाली ठेवायला सांगितलं. होडी ढकलली, लिंबू चिरडलं, होडी पाण्यात गेली आणि तरंगली! सोसायटीची माणसं, ट्रॅक्टरवाला, साहेब, सगळे बघत होते. साहेबांनी टेपने लांबी-रुंदी मोजून घेतली आणि म्हणाले, "बसा. एक चक्कर मारून दाखवा."

अण्णा नवं धोतर, पांढरी टोपी आणि वरून केशरी लाइफ जॅकेट घालून मधोमध बसले. पुढे मामू वल्हं घेऊन, मागे मी, तोंडाच्या अगदी शेजारी. वीसेक हात गेलो असू.

"दिगू, पाय गार लागून राहिले," अण्णा म्हणाले.

"धरणाचं पाणी आहे अण्णा, पत्रा गार पडतो."

थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "धोतर बी गार लागून राहिलं."

मी खाली बघितलं. झाकणाच्या कडेकडेने पाणी बुडबुडत वर येत होतं, घोट्यापर्यंत आलंच होतं.

"सर, पानी भरून राहिलं!" मामू ओरडले.

"घाबरू नका," मी म्हणालो. आवाज अगदी शांत ठेवला, कारण काठावरून साहेब बघत होते. "साचलेलं पाणी सोडायलाच तर तोंड ठेवलंय."

आणि मी झाकण उघडलं.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत, होडीला बुडायलाही फार वेळ लागला नाही. पाणी कारंज्यासारखं वर आलं, माझा चष्मा गेला, आणि आम्ही तिघं बसल्या जागी, बसल्याच अवस्थेत, हळूहळू खाली गेलो. तळ लागला तेव्हा पाणी अण्णांच्या छातीला होतं. नशीब की तिथं खोली एवढीच होती. काठावर सुनंदा सोडून सगळे हसत होते. सुनंदा बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

अण्णा उठून उभे राहिले. टोपी डोक्यावर तशीच. त्यांनी समोरच्या टेकडीकडे बघितलं, उजवीकडच्या देवळाच्या कळसाकडे बघितलं, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि संतापाने लाल झाले.

"दिगू, हे कोनाचं वावर हाय, ठावं हाय का तुला?"

"कुणाचं?"

"मारुतीचं! आपलं त्या तिकडं, बांधाच्या पलीकडं. आरं, बुडवायचंच व्हतं तर माझ्या वावरात बुडवायचं व्हतं. मारुतीच्या वावरात बुडवलंस मला?"

मी माफी मागितली. अजूनही मागतो आहे.

होडी ओढून काठावर आणली. साहेब चांगला माणूस. त्यांनी सोसायटीच्या बाकीच्या होड्या बघायला घेतल्या आणि आम्हाला तीन वाजेपर्यंत वेळ दिला. मामू कपाळाला हात लावून बसले होते. "माझ्या कोठीतून कधी दाना सांडला न्हाई, सर," ते म्हणत होते, आणि ते खरंच होतं. मी घरची चाचणी आठवून आठवून साहेबांच्या शिपायाला सांगत होतो की, आतून एक थेंबही गळत नाही.

"अहो," सुनंदा म्हणाली, "घरी पाणी आत होतं. ते झाकणाला वरून रबरावर दाबत होतं. इथं पाणी खाली आहे, ते झाकण उचलतंय. झाकण खालून लावा की. धरणाचं पाणीच त्याला दाबून धरील."

हा धडा मी सातवीच्या वर्गाला किती वर्षं शिकवला, ते मी इथे सांगणार नाही.

मामूंनी झाकण काढलं, बाहेरून रबरासकट बसवलं, चार बोल्ट मारले, कडेने डांबर लिंपलं. तीन वाजता होडी पुन्हा पाण्यात गेली. यावेळी मला पुढे बसवलं आणि वल्हं माझ्या हातात दिलं. मारुतरावांचं वावर ओलांडलं, बांध ओलांडला असावा, कारण अण्णा एका ठिकाणी "थांब" म्हणाले. त्यांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "इथं विहीर," ते म्हणाले. "इथं चिंच. तुझी माय इथं भाकर घेऊन यायची." मग त्यांनी जाळं टाकलं. एक बोटभर मासळी आली. अण्णांनी ती ओंजळीत धरून बघितली आणि परत सोडली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "आपल्याच वावरातली हाय." माझे डोळे भरून आले. चष्मा नव्हता म्हणून, असं मी मामूंना सांगितलं.

काठावर आल्यावर साहेबांनी नोंदणीचा कागद भरला. नंबर मिळाला, मालक म्हणून अण्णांचं नाव लागलं. "बाबा, शेऱ्यात काही लिहायचं का?" साहेबांनी सहज विचारलं. ही चूक त्यांनी करायला नको होती. अण्णा म्हणाले, "लिवा सायब." आणि साहेबांनी खरोखर लिहिलं, खाली सही-शिक्क्यानिशी.

तो कागद सुनंदाने काच लावून बैठकीत टांगला आहे, माझ्या आदर्श शिक्षक पुरस्काराच्या अगदी शेजारी. येणारा पाहुणा आधी पुरस्कार वाचतो, मान डोलावतो, मग शेजारी वळतो आणि मोठ्याने वाचतो: "शेरा: तळाचे झाकण कायम बंद ठेवावे. मालकाचे चिरंजीव, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक, यांस झाकणाजवळ बसू देऊ नये."