देवाआधी पाहिलेली भिंत

विमलावहिनींच्या घराचा रंग वर्षातून तीनदा बदलतो. दिवाळीच्या आधी ओटीला तांबडी काव, शिमग्याच्या आधी खळ्याकडच्या खांबांना पिवडी आणि श्रावणात गणपतीच्या मागची भिंत. आमच्या वाडीत बाकी सगळ्यांनी कधीच डब्यातला रंग आणला. एकदा लावला की पाच-सात वर्षं बघायला नको. वहिनींना ते पटत नाही. बाहेर सडा, म्हणजे वाडीवरचा कातळाचा माळ, आठ-आठ दिवसांनी लुगडं बदलतो आणि आपलं घर मात्र ढिम्म बसून, हे कसं दिसतं, असं त्या म्हणतात.

मी त्यांची शेजारीण. मधे फक्त जास्वंदीचं कुंपण. संध्याकाळी देवाकडे दिवा लावून झाला की वहीत चार ओळी लिहायची मला सवय आहे. जुन्या वह्या उघडल्या तर दर श्रावणात वहिनींची भिंत सापडते. एका वर्षी लिहिलंय, ‘हरणाची फुलं यंदा आलीच नाहीत. वहिनींनी भिंत पिवळी केली, देवाला उणं वाटायला नको म्हणून.’ एका वर्षी तेरडा उदंड आला होता, तर भिंत निळसर राखाडी, का तर तेरड्याला उठाव हवा. रंग भिंतीसाठी नसतोच, गणपतीच्या डोक्यावर जी माटवी टांगायची तिच्यासाठी असतो. त्या लाकडी चौकटीला रानातलं आणि परसातलं त्या मोसमात जे पिकलंय, फुललंय ते सगळं बांधायचं. कवंडाळाची लाल रानफळं, सुपारीचे शिपटे म्हणजे घड, लिंबाच्या जातीची तोरिंजनं, हरणाची पिवळी फुलं. त्यामुळे श्रावण लागला की वहिनी आधी सड्यावर फेरी मारतात. काय येतंय, काय येत नाही ते बघतात आणि मग चुना भिजवायला घेतात. फुटक्या कौलाच्या खापरीवर रंगाचा पट्टा ओढून तीन दिवस वाळवतात, कारण ओला चुना फसवतो, वाळला की फिका पडतो.

त्यांचं माहेर देवगडचं. वडील आंब्याच्या पेट्यांवर बागवाल्यांची नावं रंगवून द्यायचे, ब्रश धरायला त्या तिथे शिकल्या. इथे सून म्हणून आल्या त्या पहिल्याच चतुर्थीला सासूने भिंत त्यांच्या हवाली केली आणि एकच अट घातली. रंगवून झालं की भिंतीवर धुतलेलं लुगडं सोडायचं आणि देव पाटावर बसला की मगच काढायचं. पहिली नजर देवाची. सासू गेली, तिचंच लुगडं आता भिंतीवर असतं. गुरुदासभाई, म्हणजे वहिनींचे यजमान, बोटीवर होते, आता घरी असतात. माटवी बांधायला शिडीवर चढले तर तेसुद्धा लुगड्याकडे पाठ करून उभे राहतात. एकदा असेच तोल जाऊन पडले. वहिनी म्हणाल्या, बरं झालं, बघितलं तरी नाही. मी चुना गाळून द्यायला जाते, पण शेवटचा हात फिरायला लागला की माझी मी उठून घरी येते.

वहिनींना मूलबाळ नाही. त्यामुळे मुंबईच्या दिराचा मुलगा मितेश लग्न करून रियाला घेऊन आला तेव्हा त्यांना झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिलाय. रिया मोबाईलवर घरसजावटीचे व्हिडिओ करते. कुठल्या सीझनला कुठला रंग चालू आहे, पडदे कसले, उशा कसल्या, हे तिला विचारणारी माणसं हजारांनी आहेत म्हणे. तिला वहिनींची गोष्ट लगेच समजली. या घरातल्या कुणाला समजली नव्हती इतकी. दोन वर्षं ती आठवड्याला फोन करायची, काकी, आता सड्यावर काय आहे, काकी, पोपटी करायला पिवडी किती आणि नीळ किती. वहिनी सगळं सांगायच्या. फोन ठेवून मला म्हणायच्या की आता हे आपल्याबरोबर मरणार नाही.

यंदा श्रावणात रिया आठ दिवस राहायला आली. भात लावून झालं की शेताला जो कोवळा रंग येतो, तो वहिनींनी या वेळी धरला होता, आणि कडेला तेरड्याची गुलाबी किनार. रियाने स्टँडवर मोबाईल लावून सगळं काम टिपलं. ती एकटी त्या खोलीत शेवटपर्यंत होती. चतुर्थीच्या आधी कुणाला दाखवणार नाही, असं तिने देवापाशी नारळाला हात लावून सांगितलं होतं.

हरतालिकेच्या चार दिवस आधी माझी सून तेजस्वी मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. त्यात रिया त्या भिंतीपुढे उभी राहून हसत सांगत होती की हे माझं यंदाचं पावसाळी पॅलेट, तुमच्या घरात नक्की करून बघा. पुढे किनाऱ्यावरच्या एका लॉजचा जेवणाचा हॉल दाखवला, तोच पोपटी, तीच गुलाबी किनार. लॉजवाल्याचे तिने नाव घेऊन आभार मानले. वहिनींचं नाव कुठे नव्हतं. मी मोबाईल पालथा ठेवला. वहिनींना सांगावं का, हा विचार चारही दिवस केला आणि सांगितलं नाही. सण तोंडावर आलाय, उपास आहे, घरात माणसं येणार, कशाला. वहीतसुद्धा त्या दिवशी फक्त पावसाचं लिहिलं.

हरतालिकेला सकाळी वहिनी मालवणच्या बाजारात तोरिंजनं आणायला गेल्या. कवंडाळं विकणाऱ्या बाईने पिशवी भरता भरता म्हटलं, ‘‘काकी, तुमच्या सुनेन तुमची भिंत काय मस्त दाखयल्यान हां. आमच्या चेडवान पण तसोच रंग लावल्यान.’’

तिथून त्या तडक माझ्या दारात आल्या. चप्पलसुद्धा काढली नाही, आणि आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. तेजस्वीला म्हणाल्या, दाखव. तिने दाखवलं. वहिनींनी पूर्ण पाहिलं, आवाजासकट. मग तेजस्वी बिचारी त्यांना धीर द्यायला म्हणून बोलून गेली की काकी, मला पण नाही आवडलं, मी आईंना त्याच दिवशी दाखवलं होतं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘तुका म्हायत होता?’’

मी मान हलवली.

‘‘चार दिस माझ्याबरोबर वाती वळीत बसलंस. आणि माका सांगूक नाय?’’

‘‘सणाच्या तोंडार तुमका कित्याक दुखवूचा, म्हणान गप रवलंय.’’

‘‘ता पोर हा, मुंबयचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू खंयचा?’’

एवढं बोलून त्या पिशवी उचलून घरी गेल्या.

दुपारी कुंपणापलीकडून चुना ढवळल्याचा आवाज आला म्हणून मी गेले. लुगडं खाली घडी करून ठेवलेलं. निर्जळी उपास, आणि वहिनी शिडीवर. भात, तेरडा, किनार, सगळ्यावर पांढरा चुना फिरवत होत्या. मी दुसरा ब्रश उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून बादलीत ठेवला आणि मला पाटावर बसायला सांगितलं, पाहुण्यासारखं. बत्तीस वर्षांत त्या घरात मला कुणी बसायला पाट दिला नव्हता.

रिया आणि मितेश तेवढ्यात रेल्वेने येऊन पोचले. भिंत बघून रियाच्या हातातली बॅग तशीच राहिली. रडवेली होऊन ती सांगायला लागली, ‘‘काकी, सीझनच्या आधी टाकावंच लागतं हो. चतुर्थीला टाकलं तर कोण बघणार? लोकांच्या भिंती तोवर रंगवून झालेल्या असतात.’’

वहिनींचा हात थांबला नाही. ‘‘तुझो सीझन संपलो गो. देवाचो अजून सुरू जावचो आसा.’’

पण उपासाला घरात काय आहे ते त्यांनीच तिला शिडीवरून सांगितलं, आणि पाय धुऊन घे म्हणाल्या. मला काहीच सांगितलं नाही. मी थोडा वेळ पाटावर बसून घरी आले.

चतुर्थीला सकाळी देव आले. हवेत ओल होती, चुना पुरता सुकला नव्हता, खोलीभर त्याचा वास. लुगडं नेहमीसारखं सोडलेलं होतं. मूर्ती पाटावर बसली तसं वहिनींनी ते ओढलं. मागे नुसतं पांढरं. माटवी त्यावर अशी काही उठून दिसली की जमलेल्यांतलं कुणीतरी वा म्हणालं आणि मग ओशाळलं.

पूजा झाली. सगळे हात जोडून उभे राहिले आणि गुरुदासभाईंनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. त्यांचं गाऱ्हाणं दरवर्षी तेच, तेवढंच. त्यांनी एकेक वाक्य म्हणायचं आणि आम्ही सगळ्यांनी हुंकार भरायचा.

‘‘बा देवा गणपती म्हाराजा, आज ह्या घराची लेकरा-बाळा तुझ्या पायाकडे जमलेली आसत म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘तुझ्यासाठी केलेली भिंत ह्या वर्षा तुझ्या आधी गावान बघल्यान म्हाराजा.’’

हे वाक्य गाऱ्हाण्यात नसतं. हुंकार दोघा-तिघांचाच आला. भाई थांबले नाहीत. ‘‘जेणी दाखयल्यानी तीय हयसर आसत. जेंका म्हायत आसान गप रवली तीय हयसर आसत. सगळ्यांका पदरात घे म्हाराजा.’’

त्या माणसाने देवासमोर कुणाचं नाव घेतलं नाही. रियाने मोबाईल खाली केला. तिचा ‘होय महाराजा’ मुंबईचा होता, पण स्वच्छ ऐकू आला. मीही म्हटलं. म्हटलं म्हणजे ओठ हलवले.

गाऱ्हाणं संपलं. कापूर पेटवायला वाकलेल्या वहिनी तशाच थांबल्या. माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत, त्यांची नजर देवावर होती.

‘‘माका ऐकाक येवक नाय गो नर्मदा. परत म्हण.’’

मी परत म्हटलं. खोलीत तेवढा माझाच आवाज होता.