दाराकडे पाठ

कुत्रा मेला आणि बाइंडरकाका माजले, असं आमच्या गल्लीचं म्हणणं होतं.

हाक मारली तर मान वर करत नाहीत. गिऱ्हाईक दारात ताटकळतंय आणि हे आपले पुठ्ठा कापत बसलेत. समोरचा स्टेशनरीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की घरातलं माणूस गेलं तरी लोक आठवड्यात कामाला लागतात, यांचा कुत्र्याचा दुखवटा काही संपत नाही.

मीही त्यांच्यातलीच. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. सहा वर्षं मी त्या दुकानात जाऊन बसते. माझा प्रबंध काकांनीच बांधला. साहित्यात एम.ए. केलं म्हणजे माणसं वाचता येतात, असा माझा समज होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे दार, मागे खिडकी. उजेड काय तो खिडकीचा. म्हणून टेबल खिडकीला लावलेलं आणि काकांची पाठ दाराकडे. उंबऱ्यावर कुत्रा. त्याचं नाव मुकादम. काम काडीचं नाही आणि नजर सगळ्यांवर, म्हणून मुकादम. कोणी पायरी चढलं की तो उठायचा, आत जायचा आणि काकांच्या पोटरीला नाक लावायचा. काका वळून "या" म्हणायचे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत. या वयात काय कान आहेत, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मीही म्हणायचे.

काकांचे काही हट्ट होते. काम चिठ्ठीवर लिहून द्यायचं. त्यांच्याशी बोलायचं ते समोर उभं राहून. दुकानात फोन नाही. म्हातारा माणूस तऱ्हेवाईक असायचाच, म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

मुकादम गेल्यावर तीन आठवड्यांनी एका दुपारी मी गेले. हाक मारली. पुन्हा मारली. आत वळताना माझा धक्का लागला आणि पुठ्ठ्यांची अख्खी चळत धाडकन खाली आली. काका कागद कापत होते. कापत राहिले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते असे दचकले की सुरी घसरली आणि अंगठ्यातून रक्त आलं.

"कधी आलीस?"

मी जमिनीवरच्या पुठ्ठ्यांकडे बघत होते. त्यांनीही तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कोणाला सांगायचं नाही," ते म्हणाले.

अंगठ्याला चिंधी बांधता बांधता त्यांनी बाकीचं सांगितलं. छापखान्यात पंचवीस वर्षं यंत्राशेजारी उभं राहून कान गेले. मालकाला सांगितल्यावर त्याने आठवड्याभरात घरी बसवलं. बहिऱ्याला काम समजावत कोण बसणार, म्हणाला. ओठ वाचायला काका आपले आपण शिकले. त्याच वर्षी हे दुकान टाकलं आणि मुकादम दारात आला, एवढंसं पिल्लू. त्याला कोणी काही शिकवलं नाही. गिऱ्हाईक आलं की काका वळतात आणि वळले की बिस्किट मिळतं, एवढं त्याचं त्यानेच ताडलं. सकाळी सहाला पांघरूण ओढायचं, दूध वर आलं की पायात घोटाळायचं, ही कामंही त्याने आपणहून अंगावर घेतली. अकरा वर्षं.

आता काका पडदा उघडा ठेवून झोपतात. ऊन तोंडावर आलं की उठतात. आभाळ आलं असेल त्या दिवशी दुकान दहाला उघडतं आणि गल्ली म्हणते, बघा, आळसावले. दूध तापेपर्यंत पातेल्यासमोरून हलत नाहीत. एकदा दोन दिवस गॅसवाला दार ठोकून गेला आणि काकांनी दोन दिवस थंड खाल्लं.

मी म्हटलं, सांगून टाका ना सगळ्यांना. "एकदा सांगून पाहिलंय," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आणि नेमकं याच महिन्यात कॉलेजच्या प्रबंधांचं काम यायचं होतं. काकांचं अर्ध्या वर्षाचं पोट त्यावर. कॉलेजचा क्लार्क दोनदा दारातून हाका मारून परत गेला होता. तिसऱ्यांदा असंच झालं तर काम स्टेशनरीवाल्याला देईन, असं जाताना सगळ्यांना ऐकवून गेला. स्टेशनरीवाल्याने नुकतंच स्पायरलचं मशीन घेतलं होतं. त्याला दुखवट्याची एवढी काळजी का, ते मला तेव्हा कळलं.

मी आरसा सुचवला. लावून पाहिला. उजेडाची तिरीप डोळ्यात जायची, आणि शिवताना नजर सुईवर ठेवायची की आरशात? शेवटी काकांनी दारापासून टेबलापर्यंत एक लांब फळी टाकली, मधे खाली एक लाकडी पट्टी. दारातल्या टोकावर पाय पडला की दुसरं टोक त्यांच्या टाचेखाली उचललं जायचं. चार दिवस फळीने मुकादमाचं काम चोख केलं. पाचव्या दिवशी क्लार्क आला आणि पायरी चढेचना. दोनदा अपमान झालेला माणूस तो. गल्लीतच उभा राहिला, काखेत गठ्ठा, आणि तिथूनच हाका मारू लागला. मी पोचले तेव्हा चारपाच माणसं जमली होती.

"कुत्र्यापायी माणूस इतका माजतो होय?" तो म्हणाला.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी नजर खाली वळवली. मला वाटलं, शरमले.

"म्हणजे अकरा वर्षं आपल्याला बनवलं की," स्टेशनरीवाला म्हणाला. आणि लोकांनी माना हलवल्या.

बनवलं. कोणाचं पान गहाळ झालं होतं या अकरा वर्षांत? कोणाचं पुस्तक उलटं बांधलं गेलं? उलट यांनी नावं चुकीची लिहून दिली तेव्हा काकांनी ती सुधारून छापली. एका माणसाने यांना स्वतःच्या दुखण्याची झळ लागू दिली नाही, आणि यांची फसवणूक झाली.

क्लार्क फळीवरून आत गेला. काका वळले. "या." त्याने काकांच्या चेहऱ्यापाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द तोडून ओरडायला लागला. काकांना काहीच कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आयुष्यभर पुरेल.

"साहेब, ओरडू नका," ते म्हणाले. "तोंड वाकडं होतं, मग वाचता येत नाही."

क्लार्क म्हणाला, वर विचारून कळवतो. गठ्ठा घेऊन गेला.

"तुला नको म्हटलं होतं," काका मला म्हणाले. मग टेबलाला हात लावून, "ते टोक धर."

आम्ही टेबल फिरवलं. आता त्यांचं तोंड दाराकडे आणि पाठ खिडकीकडे. स्वतःचीच सावली कामावर पडते. पुस्तकाच्या कण्यावरची सोनेरी अक्षरं उमटवायला दुप्पट वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी क्लार्क पुन्हा गल्लीत आला, पण समोर, स्टेशनरीवाल्याकडे. दोघं हळू आवाजात बोलत होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. काकांची सुई थांबली होती, नजर गल्लीपलीकडे त्या दोघांच्या तोंडांवर.

"साहेब," ते गल्लीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निम्मं काम त्याला द्यायचं तर द्या. पण यंदा प्रबंधच कमी आले, असं मला सांगायचं कशाला ठरवता? आणि भोकं पाडताना डावीकडची अक्षरं उडतात, तेवढं त्याला विचारून घ्या."

क्लार्कचा आ तसाच राहिला. अर्ध्या तासात सगळे गठ्ठे काकांच्या टेबलावर होते. त्याने ते माणुसकीने आणले असं कोणी मला सांगू नये. पकडला गेला म्हणून आणले.

माझ्याशी काका अजून कामापुरतंच बोलतात. त्यांचं बरोबर आहे. ती गोष्ट माझी नव्हती.

काल स्टेशनरीवाला मला म्हणाला, "चला, सावरले काका. कुत्र्याला विसरले एकदाचे."

आभाळ नसेल त्या दिवशी काका उजाडताच फिरायला जातात. परवा मी लवकर उठले होते, खिडकीतून पाहिलं. एकटेच चालले होते. प्रत्येक खांबापाशी थांबत होते, कुत्र्याला लागेल तेवढा वेळ, आणि मग पुढे.

गल्ली तेव्हा झोपलेली असते.