रूबेनला विचारायचं राहिलं

लॉयड काँगसला बोलतं करणं म्हणजे गोठलेल्या नळातून पाणी काढणं, हे टॅमरॅक गावात सगळ्यांना ठाऊक. उभा जन्म त्याने सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ सारला. त्या गाडीच्या केबिनमध्ये एकट्याने बसून बसून माणूसही तसाच झाला. अशा माणसाला आमदारांपुढे बोलायला राजधानीला, लॅन्सिंगला धाडायचं क्लबाने ठरवलं, तेव्हा त्याची लेक डार्ला म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे जाऊन करणार काय? खोकणार?"

"गरज पडली तर खोकेन," लॉयड म्हणाला.

हसायचं ते हसून घेतलं, पण जायचं दुसऱ्या कुणी? बर्फावर इंजिनाच्या गाड्या पळवणाऱ्या स्नोमोबाइलवाल्यांचा आमचा क्लब म्हणजे उरलेसुरले म्हातारे. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचे डोळे. आणि गरज सगळ्यांत जास्त लॉयडलाच होती. डार्लाची खानावळ, वरच्या भाड्याच्या खोल्या, सगळं उभं होतं ते जंगलातल्या स्नोमोबाइलच्या वाटेवर. उन्हाळ्यात इकडे मासे पकडायला चुकूनमाकून कुणी येतं. हिवाळ्यात मात्र स्नोमोबाइलवाले लांबलांबून यायचे, ओल्या बुटांनी फरशीचा चिखल करायचे आणि मांस-बटाटा भरलेल्या गरम पास्ट्यांवर तुटून पडायचे. लॉयडची बायको एल्मा त्याच भट्टीपुढे राबता राबता गेली. आता वाटेवरचा नदीचा लाकडी पूल सरकारी इंजिनिअरने धोक्याचा ठरवून फळ्या ठोकून बंद केला होता. नवा पूल बांधणं क्लबाच्या बापाच्याने झालं नसतं. राज्याने पैसा दिला तर पूल, पूल झाला तर वाट. नाहीतर डार्लाने खानावळीला कुलूप लावून दक्षिणेकडे कुठल्या तरी गोदामात नोकरी धरायची आणि म्हाताऱ्याने मागे एकट्याने राहायचं. डार्लाने तसं स्पष्ट सांगितलंच होतं.

ही वाट म्हणजे काही सरकारी रस्ता नव्हे. ती जाते लोकांच्या शेतांतून, रानांतून. कागद ना पत्र, सगळं शब्दावर. शब्द घ्यायची आमच्याकडे एक रीत आहे. पानं गळली की लॉयड वेलदोड्याचा गोड पाव, आम्ही त्याला निसू म्हणतो, फडक्यात गुंडाळून घरोघर जायचा. पाव आधी एल्मा भाजायची, तिच्यामागे डार्ला. बसायचं, कॉफी प्यायची, हरणांविषयी, गुडघ्यांविषयी बोलायचं. वाटेचं नाव म्हणून काढायचं नाही. निघताना, दारात टोपी घालता घालता विचारायचं, "यंदाही चालेल ना?" घरधन्याने म्हणायचं, "चालेल." झालं. टेबलाशी बसून विचारलं तर ती भीक झाली, आणि न विचारता गेलं तर ती चोरी. लॉयडच्या बापापासून हे असंच चालत आलं होतं.

त्या वर्षी शेवटचं घर राहिलं होतं रूबेन साल्मीचं. पुलापलीकडची सगळी जमीन त्याची. एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला तलाव, मधली चिंचोळी पट्टी रूबेनची. बाईमाणसाविना एकटा राहणारा, लॉयडच्याच वर्गातला, लॉयडहूनही अबोल. पाव भाजून तयार होता, लॉयडने कोटही चढवला होता, आणि लॅन्सिंगहून फोन आला. पैसा मंजूर करणाऱ्या समितीची बैठक अलीकडे आणलीय, उद्या सकाळी हजर राहा. राजधानी इथून अख्ख्या दिवसाची वाट, सामुद्रधुनीवरचा मोठा पूल ओलांडून.

"रूबेनचं काय?" डार्लाने विचारलं.

"रूबेन काय पळून जातोय?"

पाव तसाच खानावळीत राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी संपवला.

लॉयड याआधीही तिकडे उंबरठे झिजवून आला होता. एल्माच्या मयतीला शिवलेला एकुलता एक सूट घालून तो त्या संगमरवरी जिन्यांवर उभा राहायचा आणि आमदार मंडळी घड्याळ बघत त्याच्याशी हात मिळवून पुढे सटकायची. एकाने तर विचारलं, "म्हणजे तो जंगलात ठणाणा करत फिरण्याचा खेळ? त्याला जनतेचा पैसा?" लॉयडला उत्तर सुचलं ते परतीच्या वाटेवर, आणि तेही शिवीच होतं. एकट्या होलकम बाईंनी त्याचं ऐकून घेतलं. समितीवरची वजनदार आमदार, आणि बाई सरळ होती, खोटं कशाला बोला.

बैठकीत लॉयड खोकला नाही. चांगला बोलला. हिवाळ्यात बंद पडलेल्या दुकानांविषयी बोलला, एल्माविषयीसुद्धा बोलला. मग होलकम बाईंनी चष्मा काढून विचारलं, "काँगस, पूल आम्ही देऊ. पण पुलापलीकडची जमीन खासगी आहे. उद्या मालकच नाही म्हणाला तर आमचा पूल काय शोभेला?"

आता इथे माणसाने काय म्हणावं? 'अजून विचारायचंय' म्हणावं तर घोडं तिथेच अडलं असतं. हातातोंडाशी आलेला घास. लॉयड म्हणाला, "रूबेन साल्मी माझा शाळासोबती आहे, बाई. तो आमच्या बाजूनेच आहे. त्याच्या वतीने मी शब्द देतो."

पैसा मंजूर झाला. गावाने लॉयडला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. पेपरात सूटमधला फोटो आला, आणि खाली तेच वाक्य, रूबेनच्या नावासकट.

रूबेनकडे जायचं मात्र आज, उद्या करत राहून गेलं. मग शिकारीचा हंगाम लागला, मग बर्फ पडला. जुना पूल बंदच होता, त्या हिवाळ्यात वाटेवर कुणीच जाणार नव्हतं, तेव्हा घाई तरी कसली? उन्हाळ्यात पूल उभा राहिला. लोखंडी, रुंद, देखणा. पानं पिवळी पडायला लागली तशी लॉयड करवत घेऊन पलीकडची झुडपं तोडायला गेला, आणि रूबेनच्या फाटकापाशी थबकला. फाटकाला नवी कोरी साखळी होती आणि तिला मुठीएवढं कुलूप.

रूबेन घरीच होता. त्याने दार उघडलं, कॉफी ठेवली. लॉयड मोकळ्या हातांनी आला होता. ते त्याला खुर्चीत बसल्यावर कळलं.

"साखळी कुणाची रे?"

"शिकारवाल्यांची. डेट्रॉइटकडचे आहेत. रान त्यांना करारावर दिलं. मी मरेपर्यंत पुरेल एवढा करार आहे. गाड्यांच्या आवाजाने हरणं पळतात म्हणाले."

"रूबेन, अरे पूल झालाय! वाट तुझ्याच रानातून जाते. मला एका शब्दाने सांगायचंस तरी!"

"तू मला विचारलंस?"

लॉयडने मोकळे हात टेबलाखाली घेतले.

"गेल्या साली पानं गळली तसं मी रोज कॉफी जास्तीची ठेवायचो," रूबेन म्हणाला. "म्हटलं, येईल आज. मग पेपर आला. त्यात मी आधीच हो म्हटलेलं होतं. मला वाचून कळलं." त्याने कप फिरवला. "हे लोक आले, लॉयड. परके होते, पण आले. बसले, कॉफी प्यायले, मग विचारलं."

"आणि मी आलो असतो तर?"

"तर हो म्हटलं असतं. कधी नाही म्हटलंय?"

शिव्या घातल्या असत्या तर लॉयडला बरं वाटलं असतं. तो उठला आणि निघाला.

गावाने रूबेनला नावं ठेवली, लॉयडलाही ठेवली. होलकम बाईंचा फोन आला, त्यांनाही सभागृहात टोमणे ऐकावे लागले म्हणे. "काँगस, तुम्ही शब्द दिला होता," एवढंच त्या म्हणाल्या. डार्लाने तो एक हिवाळा रिकाम्या टेबलांवर फडकं फिरवत काढला. बर्फ वितळल्यावर तिने भट्टी विकली. जाताना तिने बापाला बोल लावला नाही, फक्त म्हणाली, "पाव भाजून ठेवला होता हो, बाबा." आणि रडली. लॉयडही रडला, तिची गाडी वळणाआड गेल्यावर.

पुन्हा पानं गळली. लॉयडने एल्माच्या पद्धतीने निसू भाजला. एका बाजूने करपला, मध्ये बसला. तरी फडक्यात गुंडाळून तो रूबेनकडे गेला. दोघांनी कॉफी प्यायली. हरणांविषयी बोलले, गुडघ्यांविषयी बोलले. करपलेला भाग रूबेनने मुकाट्याने खाल्ला.

निघताना लॉयडने दारात टोपी घातली आणि पाय बाहेर टाकला.

"काहीतरी विसरलास," मागून रूबेन म्हणाला.

"आता काय विचारू, रूबेन? कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची."

"तरी विचार. दरवर्षी विचारतोस."

लॉयडने टोपी काढली, पुन्हा घातली.

"यंदाही चालेल ना?"

"चालेल," रूबेन म्हणाला आणि दार हळूच लोटून घेतलं. लॉयड फाटकाशी आला, साखळीखालून वाकून पलीकडे गेला आणि त्या नव्या, रिकाम्या पुलावरून चालत घरी परतला.