बिनआवाजाचा रतीब

महाळुंग्याच्या ज्या कंपनीत मी इलेक्ट्रिक स्कूटरला मोटर बसवतो, तिथं मी पेट्रोलच्या मोटारसायकलवर जातो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कंपनीत चार्जिंगची सोय आहे, पण ती साहेबांच्या चारचाकींसाठी.

मोटारसायकल मूळची आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिच्यावरून ते रोज सकाळी आमच्या म्हशींच्या दुधाचा रतीब गावात घालायचे. किक मारून मारून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला आणि डॉक्टरांनी किक बंद करायला सांगितली. किक बंद म्हणजे रतीब बंद, रतीब बंद म्हणजे म्हशी बाजारात. त्यातून सकाळी ज्याला कुठं जायचं नसतं, त्या माणसाला आमच्या गावात आजारीच समजतात. आबांना त्याची खरी धास्ती होती.

म्हणून मी त्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. बटणावर सुरू होणारी पेट्रोलची गाडीही मिळते, हे मला सुचलंच नाही. इतकी वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढल्यावर असं होत असावं.

सगळा गाव विचारायचा, चार्जिंगचं काय? ते आबांनी पहिल्याच आठवड्यात निस्तरलं. गोठ्यातल्या बोर्डावरून वायर ओढली. गुरुवारी दिवसभर लाइट नसते, म्हणून बुधवारीच गाडी पोटभर चार्ज करून ठेवायचे. "गुरवारी तिलाबी उपास," असं कौतुकानं सांगायचे. चढ, खडी, दोन्ही बाजूंना लटकवलेल्या किटल्या, सगळं त्या गाडीनं निमूट सोसलं. अडचण त्या निमूटपणाचीच झाली.

मोटारसायकलचा फुटका सायलेन्सर वेशीपासून ऐकू यायचा आणि बाया पातेली घेऊन दारात उभ्या राहायच्या. आता आबा दारात येऊन थांबले तरी आत कुणाला पत्ता नसायचा. हॉर्न वाजवावा, तर भाड्याच्या खोल्यांतले, रात्रपाळी करून नुकते झोपलेले कामगार खिडकीतून डोळे वटारायचे; फटफटीची त्यांना सवय होती, हॉर्नची नव्हती. तासाभराचा रतीब अडीच तासांवर गेला. दोन घरांनी पिशवीचं दूध सुरू केलं.

"हाक मारा की," मी म्हणालो.

"आपण काय भंगारवाले हाय का, गल्लोगल्ली वरडत फिरायला?"

मग मी माझी अक्कल चालवली. शिफ्टला जायच्या आधी मी मोटारसायकल घेऊन पुढं निघायचो, फटफट करत. मागून आबा यायचे, पर्यावरण राखत. बाया पुन्हा दारात दिसू लागल्या आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी भाड्याच्या खोल्यांपुढं एका बाईनं पातेलं आबांऐवजी माझ्यापुढं धरलं. "दादा, किटल्या तुमच्याच गाडीला अडकवा की," ती मायेनंच म्हणाली. "बाबांना कशाला तरास?"

आबांनी तिच्या पातेल्यात माप ओतलं आणि वर नेहमीसारखी धार सोडली. घरी आल्यावर किटल्या विसळता विसळता म्हणाले, "खरं हाय तिचं. मंग मी कशाला येतुया?"

ज्यांचा रतीब वाचवायला निघालो होतो, त्यांच्या हातातून तो मीच काढून घेत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उठलो तर गोठ्यातली वायर गुंडाळून ठेवलेली होती आणि स्कूटर जागेवर नव्हती. मी मोटारसायकल काढली, खोल्यांच्या अलीकडं थांबलो आणि इंजिन बंद केलं. पलीकडच्या गल्लीतून आबांचा आवाज आला.

"दूऽऽध."

आयुष्यभर फक्त बैलांवर आणि माझ्यावर चढलेला तो आवाज पहिल्यांदा जरा अडखळला. मग तो पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा, आणि त्यामागून दारांच्या कड्या वाजल्या.

मी इंजिन सुरू केलं नाही. मोटारसायकल ढकलत घरी आणली.