दोन पानं एकदम

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला माझ्या सासरच्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत त्या मैत्रिणीलाही नाही. म्हणजे — एका व्यक्तीला सांगितलं, गेल्या शनिवारी. ते शेवटी येईलच. येत्या सोमवारी वर्गात उभं राहून सांगणार आहे, ते नक्की. त्याआधी तुम्हाला सांगते. ओळख नसलेल्या माणसापुढे जीभ जरा कमी अडखळते, नाही का?

मी बेळगावची. बंगळुरूच्या एका विद्यापीठात शिकवते — लहान मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवावं हे, होणाऱ्या शिक्षकांना. हसू नका, हाही विषय असतो, आणि त्यात भांडणंही जोरदार होतात. आधी अक्षरं की आधी गोष्ट? मी गोष्टवाली. मुलांना रोज गोष्ट वाचून दाखवा, वाचन आपोआप येईल, अक्षरं घोकून घेणं म्हणजे छळ — हे मी ठिकठिकाणी मोठ्या तोऱ्यात बोलले आहे. अक्षरवाल्यांची टर उडवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

के. आर. पुरमच्या पलीकडच्या एका कन्नड शाळेत मी हे सगळं प्रत्यक्ष करून दाखवत होते. तिथे दुसरीत भाग्या होती. आईवडील निपाणीकडचे, घरी मराठी, शाळेत कन्नड. आई सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटांमध्ये स्वयंपाकाची कामं करायची. मुलगी बडबडी, गोष्टींची वेडी. मला ती फार आवडायची — हे मुद्दाम सांगते, कारण नावडतीशी वाईट वागणं निदान समजू तरी शकतं.

आमच्यात एक पद्धत आहे. प्राध्यापकाने खऱ्या वर्गात पाठ घ्यायचा आणि विद्यार्थ्यांनी मागे बसून बघायचं. त्या दिवशी माझे विद्यार्थी तर होतेच, शिवाय एक कट्टर अक्षरवाले सरही आले होते, मीच बोलावलं होतं. मी भाग्याला पुढे घेतलं. शेळीच्या गोष्टीचं पुस्तक माझ्या मांडीवर, ती मला खेटून उभी. शब्दांखालून बोट सरकवत ती वाचू लागली — खणखणीत. पानं मी उलटत होते.

आणि एकदा दोन पानं एकदम उलटली गेली. कशाने तरी चिकटली होती, मुलांच्या हाताचा गूळ असेल. उघडलेल्या पानावर शेळी बाजारात होती. भाग्या वाचत होती ते विहिरीवरचं — मधल्या, न दिसलेल्या पानावरचं. बोट तितक्याच डौलात शब्दांखालून सरकत होतं.

कळलं ना? मलाही त्याच क्षणी कळलं. तिला गोष्ट पाठ होती. वाचता येत नव्हतं.

त्यात तिचं काही चुकत नव्हतं. कितीतरी मुलं त्या पायरीवर थोडी थांबतात, हे मीच शिकवते. तेव्हा काय करायचं तेही शिकवते — एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कुठला? बस, एवढंच. आणि मी काय केलं? चिकटलेलं पान अंगठ्याने सोडवलं आणि हळूच मागे आणलं. शेळी विहिरीवर आली. मागे बसलेल्यांना काही दिसलं नाही. पुण्या-नागपूरहून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना तर कन्नड येतच नव्हतं. गोष्ट संपली, टाळ्या पडल्या, सरांनीसुद्धा मान डोलावली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर — तर कदाचित मी आजही गप्प बसले असते. पण त्याच दुपारी तिच्या वर्गशिक्षिकेने विचारलं, मागे पडलेल्या मुलांसाठी सकाळी जादा तास सुरू होतोय, भाग्याला घेऊ का? तिला अक्षरांची ओळख नसावी अशी त्यांना शंका होती. आणि मी — अगदी व्याख्यानाच्या आवाजात — म्हणाले, "तिला वाचता येतं. मी स्वतः ऐकलंय." बाईंनी तिचं नाव यादीत घातलं नाही. प्राध्यापकापुढे कोण बोलणार? भाग्याच्या आईलाही मीच फाटकापाशी थांबवून तेच सांगितलं. ती किती खूश झाली होती.

पुढे माझं त्या शाळेतलं काम संपलं. भाग्याची आठवण यायची का? यायची तर. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना तिचं उदाहरण देत होते ना — अक्षरं न घोकता वाचू लागलेली मुलगी! त्या दोन पानांची जागा आली की मी घोटभर पाणी प्यायचे.

यंदा एका अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये तिची आई भेटली. तिनेच ओळखलं. भाग्या आता सातवीत आहे, आणि तिला फळ्यावरचं वाचता येत नाही, शेजारच्या मुलीचं बघून उतरवून घेते. आई भांडली नाही. तिने नुसतं विचारलं, "अक्का, तुम्हीच म्हणालासा न्हवं, हिला वाचाय येतंय म्हणून?"

मी लिफ्टचे बदलते आकडे बघत राहिले. "सरी अक्का," — बरं, ठीक आहे — म्हणून ती आपल्या कामाच्या मजल्यावर उतरली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी त्यांची खोली शोधत गेले, आणि तेव्हापासून दर शनिवारी जाते. अक्षरं घेऊन. हो, अक्षरं — आणि गोष्टही, कारण दोन्ही लागतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भाग्या चिडते, पुस्तक आपटते, पुन्हा उघडते. तिला नीट वाचता येईपर्यंत मी जाणार.

गेल्या शनिवारी तिला सगळं सांगितलं. शेळी, विहीर, बाजार, माझा अंगठा. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "आठवतंय की मला, मॅडम. मी चुकले, आणि तुम्ही पान मागं घेऊन माझी लाज राखलासा."

इतकी वर्षं ती माझे उपकार मानत होती! मला रडू फुटत होतं, ते गिळलं. रडून तिच्याकडून आपली समजूत काढून घ्यायची? तेवढं तरी करायचं नव्हतं.

"तुझी नाही गं," मी म्हटलं. "माझी." आणि जादा तासाचंही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं.

मी पान उलटायला हात पुढे केला. तिने पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं, आपल्या मांडीवर ठेवलं, अंगठ्याने चाचपून पाहिलं — एकच आहे ना ते — आणि पान स्वतः उलटलं.