लोणारच्या तळाशी कमळजेची ओटी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "काकू, उजवा गुडघा बदलावा लागणार." मी तिथंच ठरवलं, ऑपरेशनच्या आधी लोणारला जायचं.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून उल्का आदळली, काळ्या कातळात गोल खड्डा पडला आणि तळाशी सरोवर साठलं. माझी मुलगी वैशाली गारगोटीला शाळेत भूगोल शिकवते. तिनं मागं एकदा मोबाइलवर फोटो दाखवला, तेव्हा मला त्यात पाण्याकडेचं एवढंसं देऊळच आधी दिसलं. कमळजादेवीचं. तिची ओटी भरायची असं मनानं घेतलं. आमच्या घरची रीत अशी, की ओटी दुसऱ्याच्या हाती धाडायची नाही. म्हणजे आपल्या पायांनी खाली उतरायचं आणि आपल्याच पायांनी वर यायचं.

"काठावरनंच हात जोडायचं," हे म्हणाले. "खाली बसलीस तर वर कोण आणणार? मी न्हाय हं."

"तुम्ही काठावर बसा की. पिशव्या राखायला कोणतरी पायजेच."

पहाटेच्या गाडीनं निघालो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे आम्हा मायलेकींत मिळून एकच तिकीट झालं. पुण्याला गाडी बदलून संभाजीनगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी जालना, मंठा करत दुपारी लोणार. जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. आम्ही कोल्हापूरचे, ठेच्याला भीत नाही, पण तिथला खाऊन ह्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं.

संध्याकाळी काठावर जाऊन उभी राहिले. आपला रंकाळा तलाव उचलून आत ठेवला तरी कडेनं जागा उरेल. वैशाली उल्केचा वेग सांगत होती. मी मात्र उद्याची वाट नजरेनं उतरून बघत होते.

तिसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. तुम्हीही लवकरच जा, ऊन चढलं की दगड तापतात. खाली पाण्याचं दुकान नाही, माणशी दोन बाटल्या हव्यातच. पावसाळ्यानंतर सरोवराचं पाणी वाढतं, तेव्हा देवळाची वाट मोकळी आहे का ते वरच विचारा. काठीला नाही म्हणू नका. मी उंच पायऱ्या तर चक्क बसून उतरले. लाज कसली? झाडीतून मोर ओरडत होते आणि पिशवीतला नारळ मांडीवर आपटत होता.

देवळाआधी सरोवराचं पाणी लागलं. तीर्थ दिसलं की ओंजळ पुढं होते, सवयच ती. तोंडाला लावलं आणि थूऽऽ! देवळापाशी फुलं विकणारी बाई तिथूनच ओरडली, "माय, ते नका घेऊ तोंडात! खारं हाय ते!"

जीभ पोळल्यासारखी झाली, पण चव ओळखीची होती. "वैशे, हा तर पापडखार!"

वैशाली बघतच राहिली. "आई, बरोबर! इथला खार पूर्वी खरंच काढायचे. मी मुलांना 'अल्कधर्मी' म्हणून शिकवते."

"पापडखार म्हण. पोरं जन्मात विसरणार न्हाईत."

फुलवाली हसून म्हणाली, "कुठच्या हो तुम्ही?"

"कोल्हापूर."

"अंबाबाईच्या गावाहून? मग भरा निवांत. आज तुमचीच पहिली ओटी."

साडी, खण, तांदूळ, नारळ. एकेक करून देवीच्या ओटीत घातलं. मागायचं काही ठरवलं नव्हतं. एवढंच म्हटलं, आई, खाली आणलंस तसं वर ने.

खरी परीक्षा चढताना. वीस पायऱ्या, देवीचं नाव, दम. पुन्हा वीस. अर्ध्यावर गुडघ्यात कळ आली आणि मी दगडावर टेकले. वरून आलेला एक माणूस म्हणाला, "मावशी, हात देऊ का? ओढतो वर."

"नको बाबा. आल्या पायांनीच जायचंय."

पुढच्या वळणावर वैशालीच बसली. "आई, थांब की जरा!" तिला मी पाणी दिलं आणि पुढं झाले. शेवटच्या पायरीवर हे उभे. त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली आणि रुमालानं माझं कपाळ पुसलं. बत्तीस वर्षांच्या संसारात, चारचौघांत, पहिल्यांदा.

घरी आल्यावर तीन दिवस गुडघा शेकत पडून होते. हे गल्लीत सांगत फिरले, "आम्ही खाली जाऊन आलो." मी खोडलं नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. नवा गुडघा येईल, चांगलाच असेल. पण कमळजेपर्यंत जाऊन वर आला तो हा माझा जुना, हे त्याला सांगूनच मी त्याला निरोप देणार.