सैल झालेली जोडवी

बारामतीच्या एमआरआय सेंटरमधल्या त्या मावशींचं नाव मला आजही माहीत नाही. मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून बायकांचे दागिने उतरवून घ्यायचं काम त्यांच्याकडे. पहिल्यांदा गेले तेव्हा माझं हृदय फुगून कमजोर झालं होतं. पाय सुजलेले, वाकलं की दम लागायचा. जोडवी बोटांत रुतली होती. मावशी फरशीवर बसल्या आणि साबण लावून हळूहळू ती काढत राहिल्या.

"घाई न्हाय, ताई. मशीन कुठं पळून जातंय?"

आठ महिने औषधं झाल्यावर हृदय कितपत सावरलं हे बघायला डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सांगितला. इंदापूरहून एसटीत येताना सगळ्या वाटेनं धाकधूक होती. मावशी या वेळी साबण घेऊनच आल्या. पण हात लावला आणि जोडवी अलगद निघून त्यांच्या तळहातावर आली.

"मशीन सांगंल तवा सांगंल," त्या हसल्या, "पायांनी आधीच सांगितलंय."

तपासणी झाल्यावर त्या जोडवी घालायला खाली बसू लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि स्वतः वाकून घातली. मी सहजासहजी कुणाच्या पाया पडणारी बाई नाही. पण वाकलेच होते, तशीच त्यांच्या पाया पडले.

रिपोर्ट दोन दिवसांनी चांगलाच आला. मला मात्र तिथंच कळलं होतं. वाकूनही दम लागला नव्हता.